बाबांना ऐकू आलेलं ‘येतो’

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा टाकायला उठणाऱ्यांपैकी. पिंपळावरचा मुंजा माझ्या चुलतभावांना दर सुट्टीत दिसायचा. माझ्याकडे मात्र त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा हसू येतंय... तरी लिहिते.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही बरीच वर्षं कोलकात्यात, बेहालाला राहतो. बंगाली मला बऱ्यापैकी येतं. गेल्या थंडीत आई गेली आणि मी बाबांना कऱ्हाडहून इकडे घेऊन आले. आता कायमचे इथेच राहा म्हटलं. पण त्यांचं मन रमेना. दिवसभर गॅलरीत बसायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. शेवटी मला परतीचं तिकीट काढायला लावलं. तिकडे एकटे कसे राहणार, या विचाराने माझी झोप उडाली होती.

जायच्या आधीच्या रविवारी सकाळी मी त्यांना बळेच प्रिन्सेप घाटावर नेलं. तिथून गंगेच्या कडेकडेने फरसबंद पायवाट आहे — एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला झाडं, बागा आणि लोकलचे रूळ. कोवळं ऊन होतं, फिरायला आलेल्यांची गर्दी होती. भुताने यावं असं वातावरण अजिबात नव्हतं. थोडं चालून बाबा बाकावर टेकले आणि मी चहा आणायला गेले.

मातीच्या भांड्यांतला चहा घेऊन परतले, तर त्यांच्या शेजारी एक आजोबा. धोतर, राखाडी स्वेटर आणि थंडीतली इथली राष्ट्रीय माकडटोपी. ते बंगालीत सांगत होते की बायको गेली, तिची ‘चोटी’, म्हणजे चप्पल, अजून दाराशीच आहे, हलवायचा धीर होत नाही. म्हणून रोज इथे येतो, आपल्या वाटचं चालून झालं की तिच्या वाटचंही चालतो. बाबा मराठीत “आमच्याकडेही तसंच हो” म्हणत होते. मला गंमत वाटली, एकमेकांचं अक्षरही कळत नाही आणि गप्पा कशा रंगल्यात! इतक्या दिवसांनी बाबा आपणहून बोलत होते. मला फार बरं वाटलं, मी मध्ये पडलेच नाही. थोड्या वेळाने आजोबा उठले, “चोल्लाम, दादा,” म्हणाले आणि गर्दीत चालते झाले.

टॅक्सीत बाबा म्हणाले, “आपल्याच भागातले आहेत गं ते. बायकोची पायतणं दाराशी तशीच ठेवलीत म्हणाले. कऱ्हाड सोडल्यापासून हा शब्द कानावर पडला नव्हता.”

“बाबा, ते बंगालीत बोलत होते.”

“काहीतरीच काय? मला बंगाली येतं का?”

नाहीच येत! पण मग त्यांनी सगळं सांगितलं — मी ऐकलेलं, जसंच्या तसं. बायकोच्या वाटचं चालणंसुद्धा.

घरी आल्यावर मी शेजारच्या बंगाली काकूंना तीच वाक्यं बाबांसमोर बोलायला लावली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, काय म्हणतायत या?

संध्याकाळी त्यांनी तिकीट रद्द करायला सांगितलं. मला आपल्या कानांवर विश्वास बसेना. कारण विचारलं, तर म्हणाले, “निघताना ‘येतो’ म्हणालेत ते. आले आणि मी नसलो, तर बरं दिसेल का?”

आता बाबा बसने एकटेच घाटावर जातात. एक फेरी स्वतःची, एक आईची. येताना भाजी आणतात, भाव ऐकून कुरकुरतात, जेवतात, झोपतात. ते आजोबा पुन्हा दिसले नाहीत. मीही पुष्कळ शोधलं. नवरा म्हणतो, हावभावांवरून कळलं असेल. असेलही... पण ‘पायतण’ हा शब्द हावभावांतून कसा कळेल, ते त्यालाही सांगता येत नाही. मला तर नाहीच.

हल्ली बाबा शेजारच्या काकूंकडून बंगाली शिकतायत. ‘चोल्लाम’ म्हणजे ‘निघालो’, इथपर्यंत अजून पोचलेले नाहीत. आजोबा जाताना तेच म्हणाले होते, हे मीही सांगितलेलं नाही.