उणे चाळीस मिनिटं

लेकीच्या कंपासपेटीतून पेन्सिल तासल्याचा ओलसर, लाकडी वास येतो आणि माझ्या पोटात गोळा उठतो. आता चाळिशी कधीच उलटली, परळला चोविसाव्या मजल्यावर घर आहे, उद्याची परीक्षाही तिची आहे. गोळा मात्र माझ्याच पोटात. समोर नववीच्या बीजगणिताचं पान उघडं पडलंय. संख्येच्या अल्याड-पल्याड दोन उभ्या रेघा. केवलमूल्य. "सोप्पं आहे गं आई, मायनस काढून टाकायचा," असं म्हणून ती मोकळी होते. हेच वाक्य मीही एकदा मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, आणि त्यापायी माझी शाळा कायमची सुटायची वेळ आली होती.

तेव्हा आम्ही काळाचौकीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर अगदी मधल्या खोलीत राहायचो. बाबा गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. कोण किती वाजता फाटकातून आत आला हे लिहिणं, एवढंच त्यांचं काम. वेळेआधी आला तर मिनिटांपुढे अधिकचं चिन्ह, उशिरा आला तर उणे, आणि तेही लाल शाईने. ती सवय त्यांनी घरीही आणली होती. कामावरून आले की मनगटावरच्या घड्याळाकडे बघत गॅलरीत माझी वाट पाहायचे. मला उशीर झाला की त्यांचा चेहरा उतरायचा, हे कुणाही बापाचं होईल. पण मी लवकर आले तरी तो तितकाच उतरायचा. बरं नाही का, शाळेत काही झालं का, कुणी काही बोललं का, सतरा प्रश्न. माझ्या काळजीखोर स्वभावाबद्दल नवरा मला चिडवतो, तेव्हा मी सरळ बाबांकडे बोट दाखवते.

सहामाहीला बीजगणिताच्या पेपरातून मी तासभर आधी उठून आले. एका संख्येतून तीन वजा केले तर जे उरतं त्याचं केवलमूल्य पाच. तर ती संख्या कोणती, दोन्ही उत्तरं लिहा. मी आठ लिहिलं आणि अडकले. दुसरं उत्तर असणारच कसं? मायनस तर मी काढून टाकला होता! त्या एका प्रश्नापाशी पुढची अक्षरं दिसेनाशी झाली. गिरणीला त्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळे बाबा गॅलरीत होतेच. "काय झाला गो?" त्यांनी विचारलं, आणि मी दारातच रडायला लागले.

मार्क पडले अकरा. थोरल्या काकांनी एका वाक्यात निकाल लावला. वार्षिकला अशीच आपटली तर पोरीला गावी पाठवा, घरात हाताखाली येईल. गावची शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणजे शिक्षण संपलं. आई काकांपुढे काही बोलली नाही. मला तिचा फार राग आला होता. आज येत नाही.

बाबा मॅट्रिक. ते केवलमूल्य त्यांना स्वतःला कळायलाच दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गॅलरीत उभं केलं. "आपली खोली म्हणजे शून्य. जिन्याकडे पाच खोल्या चल." मी चालले. "आता परत ये नि नळाकडे पाच खोल्या चल." तेही केलं. "पावलां किती?" दोन्हीकडे सारखीच. मग म्हणाले, "खयच्या अंगाक गेलंस ता इचारूचा नाय. कितक्या लांब गेलंस ता इचारूचा. तू तासभर आधी इलंस काय नि तासभर उशिरा इलंस काय, माझ्या पोटात गोळो तेवढोच." मला हसू आलं आणि कळलंही. तीनपासून पाच घरं पुढे आठ, पाच घरं मागे उणे दोन. मायनस पुसायचा नसतोच, अंतर मोजायचं असतं.

पण कळणं वेगळं आणि पेपर लिहिणं वेगळं. वार्षिकच्या दिवशी बाबा सोडायला आले, तरी मी शाळेच्या फाटकापाशीच थांबले. पेपर आठचा, बाबांची गिरणीही आठची. "जा, मी निघालंय," ते म्हणाले आणि वळले. मी आत गेले. त्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं लिहिली, शेवटची घंटा होईपर्यंत बसले. त्रेचाळीस मार्क पडले. काका पुन्हा गावाचं नाव काढेनात.

बाबा गेले तेव्हा भेटायला त्यांच्या टाइम ऑफिसातले एक सहकारी आले होते. चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले, "सबंध नोकरीत त्यांचा एकच लेट मार्क. चाळीस मिनिटं. तोही स्वतःच्याच हाताने लिहिलेला, लाल शाईने. मी म्हटलं, राहू दे ना, कोण बघतंय? तर म्हणाले, मी बघतंय मां." मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुझा गणिताचा पेपर होता म्हणे. पहिला अर्धा तास पोरांना बाहेर सोडत नाहीत, म्हणून तो संपेपर्यंत आणि नंतरही तू बाहेर येत नाहीस अशी खात्री होईपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. तू उठून आलीस तर कुणीतरी असावं म्हणून."

त्या पेपराला माझा बाक खिडकीशी होता. खाली तोच फुटपाथ. मान जरा वळवली असती तर बाबा दिसले असते, घड्याळाकडे बघत उभे. पण मी त्या दिवशी एकदाही बाहेर पाहिलं नाही. त्यांना तेच हवं होतं, हे मला कळतं. तरी वाटतं, एकदा बघायला हवं होतं.