बादलीभर गरम पाणी

आमचं गाव आइंडहोवनपासून बसने पस्तीस मिनिटांवर आहे. एक चर्च, एक बेकरी, एक शाळा, दोनेकशे घरं, आणि मग चारी बाजूंना मक्याची शेतं आणि गाईंचे गोठे. नवरा चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर. शहरात मनासारखं घर मिळेना म्हणून आम्ही इथे आलो. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आता ती सात वर्षांची आहे, मी मराठीत विचारते आणि ती डचमध्ये उत्तर देते.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये विटांची एक चिंचोळी वाट आहे. दोन्ही घरांची स्वयंपाकघराची दारं त्या वाटेवर समोरासमोर उघडतात. त्या घरात एक आजी राहायच्या. वय एकोणऐंशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी युट्रेख्टला. आयुष्यभर गोठ्यात राबलेल्या बाईचे असतात तसे त्यांचे हात होते, रुंद आणि लालसर. इथे कुणी कुणाकडे न विचारता जात नाही, पण आजी मात्र स्वयंपाकघराचं दार ढकलून "मी आहे!" असं म्हणत सरळ आत यायच्या. आठवड्यातून दोन दिवस मला ऑफिसला जावं लागायचं तेव्हा मुलीला शाळेतून त्याच आणायच्या. मुलगी त्यांना ओमा म्हणायची, म्हणजे डचमधली आजी. नाशिकच्या आजीला ती 'आजी' म्हणते, पण फक्त व्हिडिओ कॉलवर. रोजची आजी हीच.

इथली थंडी मला त्यांनीच शिकवली. बागेतला नळ नोव्हेंबरात आतून बंद करायचा, नाहीतर पाइप फुटतो. सायकलच्या कुलपात तेल सोडायचं. घसरड्या दिवशी पावलं छोटी टाकायची. 'ख्लाट' हा शब्दही त्यांचाच, म्हणजे निसरडं. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला मिठाची पिशवी आणून दिली होती आणि वाटेवर ते कसं फेकायचं ते दाखवलं होतं, कोंबड्यांना दाणे टाकतात तसं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

गेल्या जानेवारीत नवरा कामासाठी तीन आठवडे तैवानला गेला होता. त्यातल्या एका आठवड्यात दिवसाही पारा शून्याच्या वर येत नव्हता. मंगळवारी सकाळी दार उघडलं तर आमची पायरी आणि वाटेचा अर्धा भाग पांढऱ्या, खरखरीत बर्फाने भरलेला. वाटेवर फेकायचं मीठ संपलेलं. आदल्या दिवशी दुकानातही मिळालं नव्हतं. सव्वाआठ वाजले होते, मुलगी हातमोजे सापडत नाहीत म्हणून रडत होती, आणि सव्वानऊला माझी मीटिंग होती. मी बाथरूममधून बादलीभर कढत पाणी आणलं आणि पायरीवर, वाटेवर ओतलं. नाशिकला आमच्या घरी सगळं असंच धुतात, पाणी ओतायचं आणि खराट्याने लोटायचं. बर्फ क्षणात विरघळला. वाफा आल्या. विटा काळ्याभोर, स्वच्छ दिसायला लागल्या. मला अगदी शहाणपणाचं काम केल्यासारखं वाटलं. उरलेलं पाणी मी आजींच्या पायरीसमोरही ओतलं, त्यांनाही बरं पडेल म्हणून.

मुलीला शाळेत सोडून मी पुढच्या दाराने घरात आले. वाटेकडे पाहिलंच नाही. हेडफोन लावून मीटिंगला बसले. साडेनऊच्या सुमाराला बाहेर कसलातरी आवाज झाला, धप्प असा, आणि मग प्लॅस्टिक घरंगळल्यासारखा. मंगळवारी ओल्या कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायचे असतात. डबा पडला असेल, असं मनात आलं. मी हेडफोनचा आवाज वाढवला आणि कुणीतरी स्क्रीनवर दाखवत असलेला तक्ता बघत राहिले.

दहा वाजता चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा खिडकीतून आधी हिरवा डबा दिसला, आडवा पडलेला. बटाट्याची सालं पसरलेली. मग आजींचा बूट दिसला.

त्या कुशीवर पडल्या होत्या, एक पाय विचित्र वळलेला. ओठ निळे झाले होते, पण शुद्धीवर होत्या. मी दार उघडून पाऊल टाकलं आणि माझाच पाय सर्रकन गेला, दाराची चौकट धरली म्हणून वाचले. सकाळच्या काळ्या विटांवर काचेसारखा पारदर्शक थर जमला होता. बर्फ आहे हे कळतही नव्हतं.

मी गुडघ्यांवर सरपटत त्यांच्यापर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "कॉफीची वेळ झाली का?"

"हो," मी म्हटलं. "हलू नका. मी फोन करते."

"मी तुला हाका मारल्या," त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नाही. नुसतं सांगितलं.

मी रुग्णवाहिकेसाठी फोन केला. तोंडातून एक धड डच वाक्य निघेना, शेवटी पलीकडची बाई इंग्रजीत बोलायला लागली. त्यांना हलवू नका, ऊब द्या, असं ती म्हणाली. मी घरातल्या सगळ्या रजया आणल्या, मुलीचं घोड्यांच्या चित्रांचं पांघरूण आणलं, आणि आजींचं डोकं मांडीला टेकवून बसले. त्यांची थरथर माझ्या अंगात येत होती. त्या मला धीर देत होत्या, मुलीला आज शाळेतून कोण आणणार असं विचारत होत्या. मी काय बोलले ते आठवत नाही. इतकंच आठवतं की विटांकडे बघायचं मी टाळत होते.

रुग्णवाहिकेतून दोघं जण आले. त्यातला एक वाटेवर पाय ठेवताच घसरला आणि भिंतीला धरून सावरला. त्याने खाली बघितलं. सगळ्या गावात पांढरा बर्फ आणि इथे मात्र ही काच.

"इथे पाणी कुठून आलं?" त्याने मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

हे दोन शब्द मी किती सहज बोलले! आवाजही बदलला नाही. त्याने मान हलवली आणि तो कामाला लागला. आजी स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या घराची किल्ली मागितली, दार लावून घेते म्हणाले, आणि आत पळाले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्यांची मुलगी युट्रेख्टहून आली ती थेट माझ्याकडे, हातात फुलं घेऊन. पन्नाशीची, उंच, थकलेली बाई. ती मला मिठी मारून रडली. "तू नसतीस तर आई तिथेच गोठून गेली असती," ती म्हणाली. पुढचे काही दिवस हेच चाललं. बेकरीतल्या बाईने पावाबरोबर एक गोड बनपाव जास्तीचा दिला. शाळेच्या फाटकाशी ज्या आया मला कधी नीट नमस्कारही करत नसत त्यांनी येऊन माझा हात दाबला. तीन वर्षांत या गावाने मला एवढं जवळ केलं नव्हतं. मी हसून "अहो, त्यात काय" असं म्हणायची आणि घरी येऊन सिंकपाशी उभी राहायची. जेवण जाईना.

नवऱ्याला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. तो परत आला त्या दिवशी सांगितलं. त्याने बॅगसुद्धा उघडली नव्हती.

"मुद्दाम केलंस का तू?" तो म्हणाला.

"नाही."

"मग आता सांगून काय होणार? त्यांचं हाड जुळणार आहे? उलट पोलीस, विमा, वकील. आपण इथे परमिटवर आहोत, हे विसरू नकोस. शांत बस."

त्याचं अगदीच चुकत होतं असं मला वाटलं नाही. मला ते ऐकून बरंही वाटलं, हे खरं आहे. आता गप्प बसायला आम्ही दोघं होतो.

तीन आठवड्यांनी आजींना शेजारच्या गावातल्या एका केंद्रात हलवलं. पडून हाड मोडलेल्या माणसांना तिथे पुन्हा चालायला शिकवतात. मुलगी रोज विचारायची, ओमाकडे कधी जायचं. बुधवारी शाळा लवकर सुटते, म्हणून एका बुधवारी दुपारी आम्ही गेलो. आजींना आवडते म्हणून मी मुगाची आमटी डब्यात नेली. त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. एवढ्याशा दिसत होत्या. मुलगी त्यांच्याशी भडाभडा बोलत राहिली. मग त्या मला म्हणाल्या, "माझी मुलगी म्हणते, मला आता एकटीला राहता येणार नाही."

"का?"

"म्हणते, आई, तू उगाच पडलीस. कोरड्या वाटेवर तोल गेला तुझा. गेल्या वर्षी जिन्यात अडखळलीस, आता हे. डॉक्टरही विचारतात, चक्कर आली होती का, विसरायला होतं का. घर विकायचं म्हणतेय ती. मी तिला सांगते, तिथे बर्फ होता. ती म्हणते, ती आली तेव्हा काही नव्हतं." त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "मलाही आता वाटायला लागलंय की मला नीट आठवत नाही."

बर्फ दुपारपर्यंत वितळला होता. मीच त्यावर, रुग्णवाहिका गेल्यावर, स्वयंपाकघरातलं सगळं मीठ टाकलं होतं.

त्या क्षणी मी बोलले नाही. मुलगी समोर होती. ते कारण होतं की सबब, ते मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि एकटी बसने गेले. बसमध्ये फोनवर शब्द शोधत होते. 'पाणी सांडलं' याला डचमध्ये काय म्हणतात ते पाठ केलं. मग वाटलं, सांडलं नव्हतं. ओतलं होतं. तो शब्द शोधला.

आजींच्या समोर बसले आणि सांगितलं. बादली, कढत पाणी, त्यांच्या पायरीसमोर ओतलेलं उरलेलं पाणी. मीटिंगमध्ये ऐकलेला आवाज. रुग्णवाहिकेतल्या माणसाला दिलेलं उत्तर. नंतर टाकलेलं मीठ. व्याकरण सगळं चुकत होतं.

शेवटी त्या म्हणाल्या, "पाण्याचं समजू शकते मी. तू उष्ण देशातून आलीस."

मी रडायला लागले.

"पण काल मी तुला ते सांगत होते," त्या म्हणाल्या, "आणि तू ऐकत बसलीस."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "माझ्या मुलीला तू सांग. मी नाही सांगणार. आणि आज जा आता."

त्यांच्या मुलीला मी तिथल्याच बाकावरून फोन केला. तिने ऐकून घेतलं. मग ती कोरडेपणाने म्हणाली, "सांगितलंस हे बरं केलंस. पण एक महिना मी माझ्या आईला वेडी ठरवत होते." आणि फोन ठेवला.

नवऱ्याला वाटत होतं तसं काही झालं नाही. पोलीस नाहीत, पत्रं नाहीत. बेकरीतल्या बाईला कळलं असावं, कारण तिचं हसणं पुन्हा पूर्वीइतकंच झालं. नवरा दोन दिवस माझ्याशी तोडून वागला, मग तिसऱ्या दिवशी कुठूनतरी मिठाच्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन आला आणि न बोलता शेडमध्ये ठेवल्या.

घर विकायचं थांबलं. मार्चच्या सुरुवातीला आजी चालताना आधाराला धरायची चार चाकांची ढकलगाडी घेऊन परत आल्या. मी रोज विचारायला जायची, काही आणायचं का, कचऱ्याचा डबा ढकलू का. त्या "नको, होईल" म्हणायच्या. मुलगी मात्र पूर्वीसारखी त्यांच्याकडे जायची, बिस्किटं खाऊन यायची. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं आजींनीही नाही. एकदा पोस्टाने आलेलं आमचं पार्सल त्यांच्याकडे ठेवलेलं होतं, ते त्यांना द्यायचं होतं. त्या ढकलगाडी घेऊन पूर्ण वळसा घालून पुढच्या दाराशी आल्या आणि त्यांनी घंटी वाजवली. ती घंटी ऐकून मी काय समजायचं ते समजले.

खुबा नीट बसला नाही. उन्हाळ्यात त्यांचं दुखणं वाढलं, आणि ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच आपल्या मुलीला सांगितलं की आता जमत नाही. युट्रेख्टमध्ये मुलीच्या घराजवळ, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत त्यांना खालच्या मजल्यावर जागा मिळाली. तो निर्णय त्यांचा होता, असं त्यांच्या मुलीने मला मुद्दाम सांगितलं. ती माझ्याशी आता नीट बोलते. ते ऐकून मला थोडं हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. हाड मोडलं नसतं तर दुखणं कुठून आलं असतं?

सामान न्यायला गाडी आली त्या दिवशी ऊन होतं. आम्ही तिघं त्यांच्या पुढच्या दाराशी उभे होतो. त्यांनी माझ्या मुलीच्या गालांवर तीन पाप्या घेतल्या, उजवी, डावी, उजवी, इथल्या रीतीप्रमाणे. नवऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. मग माझ्यासमोर येऊन त्यांनी हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला. त्यांनी काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

"मुलीचं डच सांभाळ," त्या म्हणाल्या, "आणि तुझं सुधार."

मी हो म्हटलं. त्यांच्या मुलीने गाडीचं दार उघडून धरलं, त्या हळूहळू, छोटी छोटी पावलं टाकत गेल्या आणि आत बसल्या.