चादरीवरचं कोकरू

आमच्या घरी जागतिक सिनेमा एकदाच आला आणि त्याच्यावर मेंढ्या चालून गेल्या.

आणला माझ्या नातीनं, शीतलनं. ती पुण्याला सिनेमा शिकते. तिचा बाप, म्हणजे माझा किसन, गावात सांगतो, "पोरगी कॉम्प्युटरचं शिकून राहिली." (सिनेमा म्हटलं की लोक विचारतात, नाचणार हाय का!) दिवाळीच्या सुट्टीत त्यानं ठरवून टाकलं, शिक्षण बस झालं. सोमवारी आखाडा बाळापूरचे पाहुणे तिला बघायला येणार. सुनेनं त्यांना बसायला नवी पांढरी चादरही आणली.

शीतल रडली नाही. म्हणाली, "बाबा, मी काय शिकते ते एकदा बघा. फालतू वाटलं तर पाहुण्यांपुढं पोहे घेऊन येते."

"दाखव. पण लवकर आटप, मला झोप येते."

दिवेलागणीला तिनं कॉलेजचा प्रोजेक्टर मांडला आणि मेंढ्या कोंडायच्या जाळीसमोर तीच नवी चादर ताणून बांधली. मेंढ्या नुकत्याच चरून आल्या होत्या. ह्या वेळी आम्ही दिवसभर कोंडलेली कोकरं त्यांना प्यायला सोडतो. पण किसनच्या जांभया बघून मीच म्हटलं, "राहू द्या. अर्ध्या घंट्याचा तर खेळ हाय, बघून सोडू."

"आजी, ह्यात गाणी न्हाईत, मारामारी न्हाई. घाई करायची न्हाई, माणसाच्या तोंडाकडं बघत राहायचं."

"बोलतात तरी का?"

"थोडं. त्यांच्या भाषेत. त्याचं इंग्रजी खाली लिहून येतं."

"मी चौथी पास, तुझा बाप नववी नापास. लई सोय झाली आमची!"

पहिल्या सिनेमात एक बाई खिडकीत बसली होती. बसली, बसली आणि बसूनच राहिली.

"काय बघून राहिली गं ती?"

"वाट बघते."

"कोणाची?"

"ते सांगत न्हाईत. आपण समजायचं."

"नवऱ्याची असंल तर उठून भाकरी थाप म्हणावं. त्याला यायचं तवा येईल!"

किसन घोरायला लागला. शीतलचं तोंड एवढंसं झालं. सोमवार दारात येऊन बसल्यासारखा वाटला मला.

"जनावराचा न्हाई का एखादा?" मी विचारलं.

होता! कुठला तरी बर्फाचा मुलूख. लांब कोट घातलेला म्हातारा आणि त्याची अडलेली मेंढी. मेंढीचा आवाज ऐकून किसन ताडकन जागा झाला.

"पाय मुडपलाय," तो चादरीला सांगायला लागला. "आत हात घाल ना, काहून बसला तसाच? आधी पाय सरळ कर!"

म्हाताऱ्यानं तसंच केलं. "बराबर!" किसन मांडीवर थाप मारून ओरडला. खालचं इंग्रजी कोणालाच लागलं नाही. कोकरू बर्फात पडलं आणि रडायला लागलं.

"आवाज वाढव गं!" मी म्हटलं. तिनं वाढवला.

मग जे झालं ते झालं! दुधानं तटतटलेल्या मेंढ्या थेट चादरीत घुसल्या. चादर फाटली, बांबू पडले, मी खाली आणि माझ्या पाठीवर कोणाचा तरी खूर.

"माझी चादर!" सून ओरडली.

"कॉलेजचा प्रोजेक्टर!" शीतल ओरडली.

"अरं, कोकरं सोडा आधी!" किसन ओरडला.

कोकरं सोडली तशी ज्याला त्याला आपली आई सापडली आणि ओरडा थांबला. पण सगळ्यात धाकटं कोकरू दिसेना. तुडवलं गेलं की काय? शेवटी किसननं फाटकी चादर उचलली. खाली ते आईला लुचून राहिलं होतं, शेपूट हलवत! प्रोजेक्टरही शाबूत होता. आडवा पडून आमच्या उकिरड्यावर बर्फ पाडत होता.

किसन तो बर्फ बघत बसला. म्हणाला, "माणसाला कोणीबी फसवतं. मेंढी फसत न्हाई. मेंढी उठली म्हणजे ह्या पोरीच्या कामात दम हाय." मग सुनेकडं वळला, "पाहुण्यांना फोन लाव. येऊ नका म्हणावं."

"काय कारण सांगू?"

"चादर फाटली म्हणून सांग!"

मी तांब्याभर पाणी एका दमात प्याले. सुटलं लेकरू!

सकाळी शीतलनं मला कोपऱ्यात घेऊन मोबाइल दाखवला. सिनेमा बघताना आम्ही कसे दिसतो, याचं तिनं कॉलेजसाठी चित्रण केलं होतं. त्यात कोकरू रडतं. मेंढ्या नुसते कान हलवतात आणि रवंथ करत बसतात. उठते ती एक म्हातारी! "आले रे लेकरा, भुकेजलं गं बाई!" म्हणत ती जाळीची दोरी सोडते आणि एका मेंढीला कान धरून चादरीकडं ओढते. बाकीच्या तिच्या मागं.

"आजी, मेंढी न्हाई उठली. तू उठलीस."

"बापाला दाखवशील तर याद राख!"

बापाला नाही दाखवलं. कॉलेजात दाखवलं, आणि म्हणे टाळ्याच टाळ्या पडल्या. म्हणजे आमच्या घरातून सिनेमात पहिली गेले ती मीच, आणि तीही मेंढीच्या कामात!