फुलपात्रभर आंब

पोटात आग पडली होती, आणि ती विझावी म्हणून मी भल्या पहाटे उपाशीपोटी फुलपात्रभर आंब गटागटा प्यालो. आंब म्हणजे हरभऱ्याच्या पानांवर साचणारं आंबट दव. आंबट ते आम्ल आणि आम्ल कातडी जाळतं, हे त्याच आठवड्यात सातवीच्या पोरांना मीच शिकवलं होतं. पोरांना ते समजलं होतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. चिखलीपासून दोन कोसांवरच्या गावात मी नवा मास्तर. लग्न झालेलं, पण बायको माहेरी. संक्रांत उलटल्यावर सासरे तिला घेऊन येणार होते, आणि तो दिवस नेमका आजचा होता. तिचा एक चुलता पोटात फोड होऊन गेलेला. सोयरीक जुळवताना सासऱ्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली होती, पोरगा पोटानं धड आहे ना? आता दोन महिने माझ्या छातीखाली निखारा ठेवल्यासारखं होत होतं. हे कळलं तर पोरगी आल्या पावली परत जाईल, या भीतीनं मी कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

निखारा पेटवला मीच. दुपारपर्यंत नुसता चहा, सहा-सात कप. त्यानं डोकं चढलं की दुकानातली डोकेदुखीची पुडी, तीही रिकाम्या पोटी. तीन वाजता शिळी भाकर आणि ठेचा. रात्री घरमालकांकडे पोटभर जेवलो की तसाच आडवा. घरमालक म्हणजे गावातले म्हातारे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणत. ते एकदा म्हणाले होते, "मास्तर, जेवन जास्त झालं, पोट फुगलं, तं दोन चमचे आंब पान्यात टाकून घेत जा." मी त्यातलं फक्त औषधाचं नाव लक्षात ठेवलं. दोन चमचे शेतकऱ्याला. शिकलेल्या माणसाला फुलपात्र.

आदल्या संध्याकाळी आबांच्या हरभऱ्यावर मी माझं मलमलचं धोतर पसरून आलो होतो. पहाटे गेलो तर शेत धुक्यात तरंगत होतं. कुठं बांध संपतो नि आभाळ सुरू होतं, कळेना. दूर मोटेचं चाक झोपेत कण्हल्यासारखं कुरकुरत होतं. ओलं जड धोतर पिळलं, आणि बोटांवरून थेंब फुलपात्रात पडू लागले. प्यालो. क्षणभर वाटलं, सगळं निवलं. एसटीतून ती उतरतेय, मी भुकेला, ठणठणीत, तिची ट्रंक उचलतोय, असं स्वच्छ दिसलंसुद्धा.

मग निखाऱ्याचा वणवा झाला.

आबा आले तेव्हा मी बांधावर मुटकुळं करून पडलो होतो.

"काऊन हो मास्तर, असे काऊन पडले?"

"आंब घेतली."

"किती?"

मी फुलपात्र दाखवलं.

"अरे देवा! पोट फुगलं होतं का?"

"जळत होतं."

आबा मटकन खाली बसले. "जळत्या घरावर घासलेट वतलं तुमी!"

बैलगाडीत कडब्यावर निजून चिखलीला निघालो. धुकं विरत होतं, वर बाभळीच्या फांद्या एकामागून एक मागे वाहत होत्या, आणि गाडी थांबून आभाळच चाललंय असं वाटत होतं.

दवाखाना स्टॅंडसमोरच होता. मला डॉक्टरांच्या ताब्यात देऊन आबा पाहुण्यांना आणायला गेले. डॉक्टरांनी पोट दाबलं. "शौचाला डांबरासारखं काळं होतं? उलटीत रक्त?"

"नाही."

"डोकेदुखीच्या पुड्या?"

"क्वचित."

"रोज दोन, डाक्टरसाहेब," दारातून आबा म्हणाले. "कागदं माह्याच आंगनात उडतात."

त्यांच्यामागे सासरे होते, आणि सासऱ्यांमागे ट्रंक घेतलेली ती. फुलपात्राची गोष्ट आबांनी दोघांना स्टॅंडवरच सांगितली असावी. सासऱ्यांनी मला खालून वर पाहिलं. "बरे व्हा मास्तर. पोरीले मी परत नेतो. महिन्या-दोन महिन्यानं पाहू."

वणव्यापेक्षा हे जास्त भाजलं.

तिनं पदर सावरून डॉक्टरांनाच विचारलं, "फोड हाये का?"

"तसं वाटत नाही. आतून सोललंय. पुड्या बंद, चहा कमी, ठेचा काही दिवस नको, दोन वेळा वेळेवर जेवण, आणि जेवून लगेच निजायचं नाही. मग भरून येईल. असंच चालू ठेवलं तर मात्र फोड व्हायला वेळ लागणार नाही. काळं झालं किंवा रक्त दिसलं, तर तडक अकोल्याचं मोठं हॉस्पिटल."

तिनं ट्रंक खाली ठेवली, माझ्या खाटेला टेकवून.

"बाबा, तुमी जा," ती म्हणाली. "याईले एकटं सोडलं तं सालभरात माह्यं कपाळ पांढरं होते. बैलबी हुंगल्याशिवाय तोंड लावत नाई, याईले तेवढंबी समजत नाई."