एका दमात बुजवलेला खंदक

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न एका माणसाशी झालं, असा तिचा समज होता. झालं ते एका खंदकाशी. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी टेकडीवर गोल चर खणून मधली जागा वेगळी काढली होती. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भावोजींना मात्र होतं. त्या चरात साठलेल्या मातीचे थर तपासण्यात त्यांनी हयात घालवली. मी त्यांना खंदकराव म्हणायचे. ताईला ते आवडायचं नाही.

थराची कड उठून दिसावी म्हणून खड्ड्याच्या भिंतीवर ते पाण्याचा फवारा मारत, तेव्हा तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतायत असं वाटे. घरी आले की चिखलाचे बूट थेट बैठकीच्या खोलीत. पुसायला ताई होतीच.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिच्या स्टीलच्या डब्याचं झाकण हरवलं. भांडी शेजारणींच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून ती प्रत्येकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची, तरी हरवलं. तेव्हापासून ती त्यांना डब्यावर बशी ठेवून वर फडकं बांधून द्यायची. आणि पाहुणे आले की खंदकराव नाकाने कांदे सोलत, "मी हजारो वर्षांचा हिशेब ठेवतो, हिला एक झाकण सांभाळता आलं नाही!" पाहुणे हसायचे, ताई चहा ओतायची. मला ती बशी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटे.

निवृत्ती जवळ आल्यावर त्यांनी जाहीर केलं की खंदक गाळाने हळूहळू भरलाच नाही. लोकांनी भांडणं मिटवून एका दमात बुजवला. पुरावा त्यांचा नवा खड्डा. इतर ठिकाणी तळाशी कडेची ढासळलेली खडी, वर बारीक गाळ, त्यावर काळी माती. इथे मात्र सगळं एकत्र कालवलेलं. बाहेरचे तज्ज्ञ येऊन बघणार होते. त्यांनी मान डोलावली की आयुष्याचं सार्थक, नाहीतर सगळं मातीत.

या लोकांची एक रीत असते. खणलेला खड्डा बुजवताना तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे पुढच्याला कळतं की इथे कुणी आधीच येऊन गेलंय. तरुणपणी याच टेकडीवर पहिला खड्डा बुजवताना खंदकरावांनी कागद अंथरलाच नव्हता. "मी असताना कोण विसरणार?" हे ते स्वतःच फुशारकीने सांगायचे. नव्या खड्ड्याच्या वेळीही जुना नकाशा उघडायला ते तयार नव्हते. खुणेच्या खुंट्या केव्हाच गेल्या होत्या, पण यांना म्हणे टेकडी तोंडपाठ होती.

तज्ज्ञ आले त्या दिवशी आम्ही दोघी काठावर होतो, ताई डबा घेऊन आणि मी तमाशा बघायला. खंदकराव खड्ड्यात उतरून पूर्वजांच्या एकमतावर व्याख्यान झोडत होते. बोलता बोलता त्यांनी तळाची माती खरवडली आणि टण्ण आवाज झाला. काहीतरी गोल, चपटं डोकावलं.

"धातू? त्या काळात?" एक तज्ज्ञ बाई वाकल्या.

त्यावरचा पुसट लाल ठिपका मला वरून दिसला. खंदकरावांनाही दिसला. आणि या विद्वानाने काय करावं? त्यावर बूट ठेवला.

"उंदराच्या बिळातून वरचं काहीतरी खाली घसरलं असेल," ते म्हणाले. जन्मभर डोंगर पोखरला आणि अखेर उंदीरच मदतीला बोलावला! मला त्यांची कीव आली नाही. किळस आली.

"अहो, पाय काढा," ताई म्हणाली. "माझं झाकण आहे ते."

तज्ज्ञ बाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे हा खड्डा आधीच कुणीतरी खणून बुजवलेला आहे?"

"कुणीतरी नाही, यांनीच. लग्नाच्या पहिल्या वर्षी. डबा मीच भरून दिला होता."

खंदकरावांचा बूट अजून तिथेच होता. ताई शिडीने खाली उतरली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे तो हलला. तिने डब्याचं फडकं सोडलं, त्याच फडक्याने झाकण पुसलं आणि डब्यावर दाबून बसवलं. ते घट्ट बसलं. मग बशी तिने सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिली.

"ही आता तुम्ही सांभाळा," ती म्हणाली.