तिची हजेरी कोण देणार

जून उजाडला की माझ्या पायाला भिंगरी लागते. शाळा उघडायच्या आठवडाभर आधीपासून घरात माझं बूड टेकत नाही. कपाट आवरायला काढते आणि अर्धवट टाकून देते, गॅसवर दूध ठेवते आणि विसरते. घरचे म्हणतात, हिला एकदा शाळेत नेऊन सोडा, म्हणजे आपण सुटलो. त्यांचं काही चुकत नाही. माध्यमिक शाळेत शिकवून माझे केस पिकायला आले, तरी नवं वर्ष सुरू होताना धास्ती वाटते, आणि ती मी दुसऱ्यावर चिडून बाहेर काढते.

गेल्या जूनला तर चिडायला कारणही होतं. आमच्या शाळेत आठवीची वर्गशिक्षिका त्याच मुलांबरोबर दहावीपर्यंत वर सरकते. त्यामुळे पोरं आपली होऊन जातात. कोणाला चष्मा लागलाय, कोण डबा न खाता परत नेतं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, सगळं पाठ असतं. माझी आठवी अ आता नववी अ होणार, या हिशोबात मी होते. आणि मुख्याध्यापकांना सुट्टीत काय सुचलं कोण जाणे, त्यांनी नववीच्या तुकड्या मिसळून टाकल्या. इकडची निम्मी मुलं तिकडे. का, तर कोंडाळी फुटतात म्हणे. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बैठकीत त्यांनी नव्या तुकड्या वाचून दाखवल्या आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या वर्गातली एक जोडी त्यांनी फोडली होती.

त्या दोघी पोरींबद्दल सांगायलाच हवं. एक मखमलाबादकडची, घरी गुलाब-झेंडूची शेती. रविवारी आईबरोबर बाजारात बसून फुलं विकायची. गिऱ्हाइकाला हाका मारून मारून तिचा आवाज असा तयार झालेला, की मधल्या सुट्टीत ती मैदानात बोलली तरी स्टाफरूममध्ये कळायचं आज कोणाशी वाजलंय. वर्गात तिचं नाव फुलवालीच पडलं होतं, आणि तिलाही ते आवडायचं.

दुसरी सटाण्याकडून आलेली. वडील भाजीचा टेम्पो चालवायला नाशिकला आले, म्हणून तीही आली. आठवीच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला घरी कोण काय करतं ते विचारत होते. ही उभी राहिली आणि तिच्या बोलीत म्हणाली, "मना बाप टेम्पोवर शे." आपल्या 'आहे'ला तिकडे 'शे' म्हणतात. वर्ग फुटला. शे शे करत पोरं हसत सुटली. मी फळ्यावर डस्टर आपटलं, चार जणांना उभं केलं, भरपूर तोंडसुख घेतलं. पण व्हायचं ते होऊन गेलं. पोरगी खाली बसली ती बसलीच. त्यानंतर वर्गात तिचा आवाज कोणी ऐकला नाही.

तेव्हा फुलवाली आपण होऊन जागा बदलून तिच्याशेजारी जाऊन बसली. कोणी सांगितलं नव्हतं. दोन-चार दिवसांत दोघींचं गूळपीठ जमलं आणि मग सटाण्याकडच्या पोरीला जे काही म्हणायचं असेल ते फुलवाली म्हणायला लागली. मॅडम, तिला ताप आहे. मॅडम, तिला गणित सुटलं, पण ती फळ्यावर येणार नाही. हजेरीत तिचं नाव घेतलं की ही बसल्या जागेवरून ओरडायची, "हजर आहे मॅडम!" आणि ती नुसती मान हलवायची. पुढे पुढे मलाही त्याचं काही वाटेनासं झालं. मी सरळ फुलवालीलाच विचारायचे, काय म्हणतेय गं ती? सगळ्या शिक्षकांनी तेच केलं. पोरगी हुशार होती, पेपर छान लिहायची, कोणाची तक्रार नव्हती.

आणि अशी जोडी मुख्याध्यापक फोडतात. फुलवाली माझ्याकडे अ मध्ये, आणि ही पलीकडे ब मध्ये, एका नव्या कोऱ्या तरुण सरांच्या वर्गात. मी बैठक संपायची वाटही पाहिली नाही. म्हटलं, सर, तुम्हाला ती पोरगी माहीत तरी आहे का? ती त्या वर्गात वर्षभर दगडासारखी बसून राहील. घरी सांगून शाळा सोडली तर कोण जबाबदार? सरांनी ऐकून घेतलं. ते थंड डोक्याचे आहेत, त्याचाच मला जास्त राग येतो. म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नका, बदला. बाकीचे शिक्षक चहाच्या कपात बघत बसले होते. शेवटी सर एवढंच म्हणाले की बदलायला माझी हरकत नाही, पण मॅडम, आधी त्या मुलीला एकदा विचारा. मला हसूच आलं. जी पोरगी तोंड उघडत नाही, तिला काय विचारायचं?

शाळा उघडली त्या दिवशी दारात तोरण, ढोल, नव्या मुलांच्या हातात एकेक गुलाब, असं सगळं साग्रसंगीत होतं. गुलाब फुलवालीच्याच मळ्यातले. ती बापाबरोबर सकाळी पाट्या उतरवून घेत होती आणि लहानग्यांवर डाफरत होती, की देठाला धरा, पाकळ्यांना नाही. तेवढ्यात तिला कोणीतरी तुकड्यांचं सांगितलं. पाटी तिथंच टाकून ती माझ्याकडे पळत आली.

"मॅडम, ती तिकडे कशी राहणार? तिची हजेरी कोण देणार?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, मी आहे ना, मी बघते. आता ही सवय माझी. 'मी बघते' म्हटल्याशिवाय मला चैन पडत नाही, मग ते बघणं माझ्या हातात असो की नसो. पोरगी डोळे पुसून परत गुलाब वाटायला गेली.

प्रार्थना झाली, वर्ग भरले. मी तडक ब तुकडीत गेले. नवे सर फळ्यावर सुविचार लिहीत होते. मला बघून बिचारे बाजूलाच झाले. ती पहिल्या बाकावर, एकटी, दप्तर मांडीवर धरून बसली होती. मी म्हटलं, चल, दप्तर घे, तुला अ मध्ये घेतलंय. ती उठली, पण दप्तर बाकावरच ठेवलं. मला वाटलं, घाबरली. बाहेर ये, चल, म्हणत मी तिला व्हरांड्यात घेऊन आले, पाण्याच्या टाकीपाशी.

तिथं मी बोलत सुटले. सरांना मी सांगितलंय, काही काळजी करू नकोस, तुझी मैत्रीण वाट बघतेय, जागा धरून ठेवलीय तिनं. रुमाल टाकलाय बाकावर. ती खाली मान घालून ऐकत होती. नळाच्या गळत्या तोटीकडे बघत होती. माझं बोलणं संपलं तेव्हाही तशीच उभी. मी नेहमीसारखं आजूबाजूला बघितलं, फुलवाली कुठे दिसते का म्हणून. ती नव्हती. म्हणून मलाही थांबावं लागलं. आणि बऱ्याच वेळानं समोरची पोरगी बोलली.

"मीच सांगितलं होतं सरांना. मला वेगळं बसवा म्हणून."

मला आधी कळलंच नाही. निकालाच्या दिवशी, म्हणे, ती एकटी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली होती. सरांनी तिला खुर्ची दिली आणि ते आपले गप्प बसून राहिले. ती बोलेपर्यंत गप्पच. किती वेळ कोण जाणे. मी तिला विचारलं, अगं पण का? ती तुझं इतकं करते. माझा आवाज चढला होता, हे मला जाणवत होतं.

"तीच बोलती, म्हणून मला बोलावं लागत नाही," ती म्हणाली. शब्द एकेक करून बाहेर येत होते. "अजून तिच्याजवळ बसले, तर मी बोलणारच नाही कधी." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला नका सांगू मॅडम. तिला वाटंल मला ती नको."

जा, वर्गात जा, एवढंच म्हटलं. ती गेली. मी टाकीपाशी उभी राहून गळती तोटी दोनदा पिळून बंद केली, तरी ती गळतच राहिली. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि त्यांच्यावरच उखडले, की मला आधी सांगायला काय झालं होतं? ते म्हणाले, तिनं कोणाला सांगू नका म्हटलं होतं.

तो दिवस मला फार जड गेला. फुलवालीनं खरंच शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवला होता आणि तिथं कोणी बसायला आलं की ती अंगावर धावून जात होती. मी वर्गात गेले तर तिची नजर माझ्या मागं, दाराकडे. मी एकटीच आलेली पाहून तिचा चेहरा पडला. सर नाही म्हणाले, असं मी सांगून टाकलं. सरांच्या माथी खोटं मारलं, त्याचं मला काही वाटलं नाही, पण मूग गिळून गप्प बसणं मला जमत नाही, ते करावं लागलं. शाळा सुटताना फुलवाली माझ्यापाशी आली आणि "तुम्ही बघते म्हणाला होतात" असं बोलून निघून गेली. घरी त्या दिवशी माझं कोणाशी पटलं नाही. भाजी करपली. पोरगी तिकडे बोलली नाही तर? सगळ्या वर्गानं पुन्हा दात काढले तर? हिच्या रुमालाखालची जागा तोवर कोणी घेतली, तर ती परत कुठे येणार?

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट उघडून बसले, पण नावं घ्यायला सुरुवात केली नाही. आमच्या नि ब तुकडीच्या मध्ये विटांची भिंत नाही, लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे. तिकडे कोणी शिंकलं तरी इकडे कळतं. पलीकडे हजेरी सुरू झाली होती. माझा वर्ग कुजबुजत होता, त्यांना मी बोटानं गप्प केलं. फुलवाली त्या फळ्यांकडे तोंड करून बसली होती.

पलीकडून सरांनी तिचं नाव घेतलं. उत्तर नाही.

इकडे फुलवाली उभी राहिली. सवयीनं तिचं तोंडही उघडलं होतं. मी हातानंच तिला बस म्हणून खुणावलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. सरांनी पुन्हा नाव घेतलं. मग, "आलेली नाही वाटतं," असं ते स्वतःशीच म्हणाले.

"हजर शे."

बारीक आवाज होता, पण तिचाच. चुकून तसं म्हणाली की मुद्दाम, मला अजूनही माहीत नाही. पलीकडे हशा उठला. तो हशा मी ओळखत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दाराकडे चार पावलं गेलेही, की त्या वर्गात शिरून एकेकाचा समाचार घेते. तेवढ्यात पुन्हा तोच आवाज, आता चांगला मोठा, फळ्यांपलीकडून स्पष्ट.

"हजर शे, सर."

हसणं विरत गेलं. सर म्हणाले, बस. आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

मी परत येऊन खुर्चीत बसले. पेन उचललं आणि माझी हजेरी सुरू केली. फुलवालीचं नाव आलं. जिचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जायचा, ती बाकावर कपाळ टेकून बसली होती, एक हात शेजारच्या रिकाम्या जागेवर, रुमालावर. मी पुन्हा नाव घेतलं. काही नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी तिच्यासाठी "हजर" म्हणायला लागलं.

"तिचं तिला सांगू दे," मी म्हटलं, आणि पेन हातात धरून थांबले.