शंभराच्या आत

सातवीच्या परीक्षेत मी तालुक्यात दुसरी आले, तेव्हा चौदा वर्षांची होते. मास्तरीण व्हायचं तर धाराशिवला अध्यापनाच्या वर्गात प्रवेश घ्यायचा आणि त्यासाठी सरकारी डॉक्टरांचा प्रकृतीचा दाखला आणायचा. इकडं आत्यानं परंड्याचं स्थळ आणलेलंच होतं. वडील म्हणाले, "दाखला मिळाला तर शीक. न्हाय मिळाला तर दिवाळीनंतर उरकून टाकू."

डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि मनगट धरलं. "एकशेवीस. फार आहे. शंभराच्या आत पाहिजे. परवा ये."

कंपाउंडरला माझी दया आली. त्यानं नाडी मोजायला शिकवलं. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं टेकव, जोरात दाबू नको, सेकंदकाटा बघत अर्धं मिनिट ठोके मोज आणि दुप्पट कर. पळून आलीस की वाढणार, निजून उठलीस की कमी होणार. भ्यालीस तरी वाढणार. हे शेवटचं त्यानं सांगायलाच नको होतं.

दोन दिवस मी वडिलांचं मनगटी घड्याळ घेऊन पडून होते. आई वाळ्याचं पाणी पाजायची आणि "गप पड" म्हणायची. पडल्या पडल्या मी मोजायची. एकशेचार. परत मोजलं, एकशेबारा. मोजायला बोटं टेकवली रे टेकवली की छातीत धडधड सुरू. मेली नाडी माझीच, माझ्याच हातात, आणि ऐकेल तर शपथ. मी मनगटाला चापट्या मारल्या, एकदा तर कडाडून चावले. रडलं की आणखी वाढायची, म्हणून रडायचीसुद्धा चोरी.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी वडिलांबरोबर परत दवाखान्यात गेले. श्वास धरून बसले. "एकशेछत्तीस," डॉक्टर म्हणाले. मी त्यांचे पाय धरले. "साहेब, मी भ्यालेय म्हणून वाढलीय हो. पोरांना शिकवताना न्हाय भिणार." त्यांनी पाय मागं घेतले आणि 'हृदय अशक्त' असं लिहून खाली सही केली.

घरी आल्यावर आईनं तो कागद चुलीत घातला. पाहुण्यांना कळलं असतं तर स्थळ मोडलं असतं. तो कागद मीच परंड्याला पाठवायला हवा होता, ही अक्कल मला कितीतरी वर्षांनी आली. अजून त्या चौदा वर्षांच्या पोरीचा राग येतो मला.

महिन्याभरात पाहुणे बघायला आले. मी खाली मान घालून पाटावर बसले होते. समोर मुलाचे मामा गुडघ्यावर हात टेकून बसलेले, त्यांच्या मनगटावर घड्याळ. पदराखाली माझी दोन बोटं आपसूकच मनगटावर गेली. एकीकडं ते विचारत होते, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. मी 'व्हय' म्हणत होते आणि मोजत होते.

अडुसष्ट भरली. भ्यायला आता काही उरलंच नव्हतं.